लाल रंगातला गुणक

१० जुलै २०२५, गुरुवार. कल्याण

आज आषाढ पौर्णिमा. विहारात वर्षावास सुरू झाला. आता तीन महिने रोज संध्याकाळी वाचन आणि दर रविवारी कुणाचं तरी व्याख्यान. कमिटीने वक्त्यांची यादी लावली आहे, तिच्यात २१ सप्टेंबरपुढे माझं नाव आहे, महेंद्र हिवाळे. मला विचारायची कुणाला गरज वाटली नाही. "हिवाळे साहेब, तुम्ही विजेवर बोला," म्हणाले. वीज मंडळात पस्तीस वर्षं मीटर रीडिंग केलं म्हणजे माणसाला जगात दुसरं काही कळतच नाही, असा लोकांचा समज असतो.

मी म्हटलं, "मी पैशावर बोलणार. जगात एकूण पैसा किती, आधी किती होता, आणि वाढतो तो येतो कुठून."

ते म्हणाले, "बघा, झेपेल ना?" तिथेच ठरलं.

खरं सांगायचं तर विषय सकाळच्या फोनने दिला. माझ्या वडिलांची, आबांची, डोंबिवलीची खोली ज्या इमारतीत आहे, ती पाडून नवी बांधणार. आबांनी १९८५ साली ती एक खोली-स्वयंपाकघर एकवीस हजारांना घेतली होती. त्या बदल्यात आता जो फ्लॅट मिळणार, त्याची किंमत पंचावन्न लाख. मी सोसायटीच्या सेक्रेटरींना आकडा दोनदा विचारला. भिंती त्याच, गळणारी मोरी तीच. मग हे बाकीचे चोपन्न लाख एकोणऐंशी हजार आले कुठून? दिवसभर दुसरं काही सुचलं नाही.

म्हणून ही वही काढली. रिटायर झालो तेव्हा एक कोरं रीडिंग बुक घरी आणलं होतं. रकाने छापलेलेच आहेत: मागचं रीडिंग, चालू रीडिंग, फरक. दैनंदिनीला आणखी काय लागतं.

१३ जुलै, रविवार

मानपाडा रोडला इमारतीची मीटिंग झाली. बिल्डरच्या ऑफिसातला सूरज नावाचा तरुण सगळ्यांना कागदांच्या याद्या वाटत होता. माझ्या यादीवर त्याने पेनाने एक ओळ वाढवली.

"काका, खोली अजून तुमच्या वडिलांच्या नावावर आहे ना? बहिणीचं हक्कसोडपत्र लागेल. सप्टेंबर एंडच्या आत. नाहीतर तुमची फाइल अडकेल."

"ती देईल," मी म्हटलं.

"सगळ्यांच्या देतात. फॉर्मॅलिटी असते."

शकू नाही म्हणणारच नाही. तिला तिचा वाटा केव्हाच मिळालेला आहे. १९८५ मध्ये आबा कामाला होते ती मानपाड्याची केमिकल कंपनी बंद पडली आणि हिशेबाचे पैसे हातात आले. मी तेवीस वर्षांचा, शकू सतरा. आबांनी माझ्यासाठी ही खोली घेतली आणि शकूच्या नावाने विम्याचा एकरकमी कागद केला, चाळीस वर्षांनी साडेचार लाख मिळणार असा. साडेचार लाख. तेव्हा आमच्या अख्ख्या चाळीत कुणी लाख रुपये पाहिलेले नव्हते. दोन्ही आत्या आबांशी महिनाभर बोलल्या नाहीत, पोरीला एवढं द्यायचं असतं का म्हणून. आणि माझं म्हणाल तर मी बरीच वर्षं मनातून जळत होतो. आता या वयात लिहायला हरकत नाही.

घरी येऊन बायकोला, मायाला म्हटलं, "शकूची सही घ्यायची आहे. रीतीप्रमाणे साडी करावी लागेल. चांगलीशी बघून ठेव."

"तुम्हीच आणा," ती म्हणाली आणि आत गेली.

माझे रुमालसुद्धा हीच निवडते. खर्चाचं वाटलं असेल.

२० जुलै, रविवार

प्रीती आली होती, शकूची मुलगी. बी.कॉम. होऊन ठाण्यात एका सीएकडे लागली आहे. फोनवर तिची बोटं अशी चालतात की मला बघूनच दम लागतो. व्याख्यानासाठी तिने आकडे काढून दिले आणि मी या रकान्यांत उतरवले.

आधी 'ट्रिलियन' म्हणजे काय तेच मला कळेना. प्रीती म्हणाली, "मामा, सोप्पं आहे. एक ट्रिलियन म्हणजे आपले एक लाख कोटी." एवढं कळल्यावर पाय टेकायला जमीन मिळाली.

जगातल्या सगळ्या माणसांची सगळी संपत्ती, म्हणजे घरं, जमिनी, शेअर, ठेवी, कर्ज वजा जाता: सन २००० मध्ये सव्वाशे लाख कोटी डॉलरच्या आतबाहेर. आता साडेचारशेच्या वर. पंचवीस वर्षांत जवळजवळ चौपट. या पंचवीस वर्षांत पृथ्वी काही मोठी झालेली नाही. नवं बांधकाम झालं, कारखाने झाले, हे मान्य. पण चौपट? मी त्या आकड्याकडे बघत बसलो आणि चहा गार झाला.

मग आपल्या देशाचा पैसा. नोटा आणि बँकांतल्या ठेवी सगळ्या मिळून १९८५ साली एक लाख कोटींच्या थोड्या वर. आज पावणेतीनशे लाख कोटींच्या आसपास. आणि त्यात नोटा किती? सातवा-आठवा हिस्सा. बाकी सगळा पैसा नुसता लिहिलेला आहे. कागदावरसुद्धा नाही, कुठल्यातरी यंत्रात.

प्रीती जाताना म्हणाली, "मामा, आईचा आकडा पण टाका ना वहीत."

मी म्हटलं, "हे जगाचं चाललंय, घरचं नाही." ती हसली. गुणी पोरगी आहे, पण मधेच विषय सोडून बोलते.

२४ जुलै, गुरुवार

आज जे कळलं ते आधी लिहून ठेवतो.

मला वाटायचं, बँक कर्ज देते ते दुसऱ्या कुणाच्या ठेवीतून उचलून देते. एकाच्या डब्यातलं दुसऱ्याच्या डब्यात. तसं नाही. बँक कर्ज मंजूर करते तेव्हा कर्जदाराच्या खात्यात आकडा लिहिते, आणि तो आकडा हाच नवा पैसा. आधी तो कुठेही नव्हता. तुम्ही फेडता तसा तो नाहीसा होतो. जगभर फेडणाऱ्यांपेक्षा घेणारे नेहमी जास्त, म्हणून पैसा वाढत राहतो. ठेवी किती, नियम काय, याचा लगाम असतो म्हणे, पण मूळ गोष्ट हीच.

म्हणजे २००१ मध्ये या कल्याणच्या घरासाठी मी चार लाखांच्या कर्जावर सही केली, त्या दुपारी चार लाख रुपये जन्माला आले. घामेजलेल्या शर्टात, उसन्या पेनाने. आणि पंधरा वर्षं हप्ते भरून मीच ते हळूहळू पुसले. मला कुणी सांगितलंसुद्धा नाही. अशा सह्या रोज जगात किती होत असतील, या विचाराने अंगावर काटा आला. आकाशातले तारे बघून माणसाला जसं लहान वाटतं, तसं मला आज बँकेच्या जुन्या पासबुकाकडे बघून वाटलं.

मायाला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे मी पंधरा वर्षं जुनी भांडी वापरली ती हवेतल्या पैशासाठी?"

व्याख्यानात लोकांना हसवायला एक जुना किस्सा घालावा म्हणतो. १९९१ सालचा. मोठ्या कारखान्याचा सगळा करंट मीटरमधून जात नाही, मीटर जळून जाईल. त्याचा छोटासा भागच मीटरला दाखवतात. म्हणून रीडिंग घेतलं की त्याला एका आकड्याने गुणायचं. तो गुणक. तो मीटरच्या पेटीवर लाल रंगाने लिहिलेला असतो. मानपाड्याच्या एका कारखान्यात पेटीवर धूळ बसली होती. मी गुणक लावलाच नाही. दोन लाखांचं बिल हजार रुपयांचं गेलं. साहेबांनी बोलावलं. मी म्हटलं, "साहेब, आकडा बरोबर टिपलाय, एकदा जाऊन बघा." ते म्हणाले, "हिवाळे, रीडिंग बरोबर आहे. बिल खोटं आहे." मेमो मिळाला. पुढे एकोणतीस वर्षं तो लाल आकडा पाहिल्याशिवाय मी पेटी बंद केली नाही.

३ ऑगस्ट, रविवार. बाळकुमला जाऊन आलो

शकूकडे गेलो होतो. आठ वर्षांपूर्वी भाऊजी गेले, तेव्हापासून मायलेकी बाळकुमच्या जुन्या गावठाणात एका खोलीत भाड्याने राहतात. चारही बाजूंनी तीस-तीस मजली टॉवर. शकूच्या दारात सकाळी अकरानंतर ऊन येत नाही, टॉवरची सावली पडते. ती एका खासगी दवाखान्यात आया आहे.

सुकट निवडत बसली होती. मी तिला सोन्याची गोष्ट सांगितली. माणसाने आजवर जमिनीतून काढलेलं सगळं सोनं, राजांचं, देवळांचं, बँकांचं, बायकांच्या गळ्यातलं, एकत्र वितळवून चौकोनी ठोकळा केला तर किती होईल? जेमतेम सात मजली इमारतीएवढा. बस. हजारो वर्षांची मारामारी एका सात मजली इमारतीसाठी. पूर्वी पैसा या सोन्याला बांधलेला असायचा. १९७१ पासून जगाने ती शेवटची दोरीही सोडून दिली.

शकू ऐकत होती. मग म्हणाली, "आमच्या खिडकीतून दिसतात त्या सगळ्यांपेक्षा बुटका की रे, दादा."

बोलता बोलता कळलं, तिच्या खोलीचा मालकही जागा बिल्डरला देतोय. ऑक्टोबरअखेर खाली करायची आहे.

"मग?" मी विचारलं.

"मग काय, आबांची पॉलिसी आहे ना. या महिन्यात सुटते. साडेचार लाख हेवी डिपॉझिट भरीन कुठेतरी, महिन्याचं भाडंच नको. आबा बरोब्बर वेळेला धावून आलेत बघ." हे सांगताना तिचा चेहरा सतरा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. "तुझी सही कधी करायची ते सांग. हाफ डे टाकते."

मी विचारण्याआधीच तिने सहीचं काढलं, त्यामुळे मला बरं वाटलं. निघताना तिने सुकटीची पुडी दिली.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शकूबरोबर विम्याच्या कचेरीत गेलो. पैसे आता थेट खात्यात जमा होतात, त्यामुळे हातात काही पडलं नाही. मूळ कागद त्यांनी ठेवून घेतला. प्रीतीने आधीच झेरॉक्स काढली होती. शकूने पेढ्यांचा पुडा आणला होता. खिडकीतल्या बाईंनी एक घेतला आणि बाकीचे तसेच राहिले.

बाहेर आल्यावर तिथल्या तिथे तिने एजंटला फोन लावला. "साडेचार आहेत," म्हणाली. पलीकडचा काहीतरी बोलला. ती "बरं, बरं" म्हणत राहिली. फोन ठेवून मला म्हणाली, "हेवीला दहा तरी लागतात म्हणे. ते पण कळव्याच्या आत कुठेतरी."

थोडं चालल्यावर तिने विचारलं, "दादा, साडेचार लाख म्हणजे किती रे?"

मी सांगितलं, की आबांनी त्या काळी काही हजार भरले असतील, म्हणजे कितीतरी पटीने वाढलेत, उत्तम परतावा आहे. तिने मान हलवली. उरलेले पेढे मायासाठी माझ्या पिशवीत टाकले.

३१ ऑगस्ट, रविवार

मुलाचा, राजरत्नचा, पुण्याहून फोन. नव्या फ्लॅटचं कुठवर आलं विचारत होता. लग्नाचं ठरतंय, त्यामुळे त्याला घाई आहे. "आत्याची सही झाली का?" मी म्हटलं, झाल्यातच जमा.

साडी आणली. हिरवी, बारीक काठाची, अठराशे पन्नास. मायाने हात लावला नाही. "कपाटात ठेवा," म्हणाली. हल्ली फारच तुटक बोलते. कदाचित पंचावन्न लाखांच्या घराला अठराशेची साडी शोभत नाही असं तिला वाटत असेल. बायकांच्या मनातलं मला कधी वाचता आलं नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

प्रीतीने पॉलिसीच्या झेरॉक्सचा फोटो पाठवला. खाली लिहिलंय: "मामा, लेक्चरला उपयोगी पडेल."

पाहिलं आणि कपाटातून आबांच्या खोलीची पावती काढून शेजारी ठेवली. खोली: ५ ऑगस्ट १९८५, एकवीस हजार. शकूचा कागद: ६ ऑगस्ट १९८५, एकवीस हजार.

चाळीस वर्षांत मी हा आकडा पाहिलाच नव्हता. साडेचार लाख एवढंच सगळ्यांच्या तोंडी होतं. आबा सातवी शिकलेले, कंपनीत पिंपं धुवायचे. आलेल्या पैशाचे बेचाळीस हजार बाजूला काढले आणि बरोबर मधोमध कापले. एक दिवस माझ्यासाठी, दुसरा दिवस तिच्यासाठी. आत्यांना तर ते मुलीलाच जास्त देतायत असं वाटलं.

व्याख्यानाला यासारखं उदाहरण शोधूनही मिळालं नसतं. एकाच आठवड्यात लावलेले दोन मीटर. एक इथे पोचला, दुसरा तिथे. प्रीतीला उलट उत्तर पाठवलं, "फारच उपयोगी." तिने नुसता अंगठा पाठवला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज गणित बसलं. दुपारी जेवण सोडून करत होतो.

देशाचा सगळा पैसा १९८५ पासून सुमारे दोनशे साठ पट झाला. आबांच्या एकवीस हजारांना दोनशे साठने गुणलं. चोपन्न लाख साठ हजार.

चोपन्न लाख साठ हजार! फ्लॅटची किंमत पंचावन्न. मी तीनदा गुणाकार केला. म्हणजे खोलीने काहीच कमावलेलं नाही. देशाच्या सगळ्या पैशात आबांच्या खोलीचा जेवढा कण होता, तेवढाच आज आहे. पाणी चढलं आणि होडी वर आली. पहिल्या दिवसापासून मी विचारत होतो, बाकीचे चोपन्न लाख आले कुठून. कुठूनच आले नाहीत. ती खोली जागच्या जागी उभी होती, आणि लाखो लोकांच्या सह्यांनी पैसा तिच्याभोवती चढत गेला. प्रत्येक घराचं असं बरोब्बर जुळेल असं नाही, हे मला कळतं. पण आबांच्या खोलीचं जुळलं. इतकं मोठं काही मी आयुष्यात पहिल्यांदा स्वतः शोधून काढलं.

माया म्हणाली, "जेवा आता. शुक्रवारी सव्वीसला सही आहे ना? त्याचा विचार करा."

"त्यात काय विचार करायचा?"

तिने ताट वाढलं.

२१ सप्टेंबर, रविवार

व्याख्यान झालं. विहार भरला होता. शकू आणि प्रीती बाळकुमहून आल्या, शेवटच्या रांगेत बसल्या. शकू म्हणाली, उद्यापासून टेंभी नाक्याला नवरात्राची गर्दी होईल, म्हणून रविवार साधला.

मी बोललो, आणि चांगला बोललो. ठोकळ्याएवढं सोनं, सहीतून जन्मणारा पैसा, चौपट झालेलं जग. बाबासाहेब मुळात अर्थशास्त्राचे डॉक्टर होते, याची आठवण करून दिली. लोक पुढे सरकून ऐकत होते. गुणकाच्या किश्श्याला हशा आला. मग फळ्यावर दोन मीटर काढले, नावं न सांगता. एक खोली, एक कागद. दोन्हीचं मागचं रीडिंग एकवीस हजार. चालू रीडिंग पंचावन्न लाख, आणि साडेचार लाख. सभागृहात असा आवाज झाला की मला वाटलं, हाच व्याख्यानाचा कळस.

पहिल्या रांगेतून मंजुळाबाई उठल्या. महापालिकेत झाडू खात्यातून रिटायर झाल्यात, पंच्याहत्तरी उलटली आहे.

"साहेब, एक विचारू? बापाने दोघांना सारखंच दिलेलं ना?"

"हो, अगदी सारखं."

"मग ज्याच्या हातात कागद आला त्याची काय चूक?"

मी म्हटलं, "चूक कुणाचीच नाही, आजी. हा पैशाचा स्वभाव आहे." टाळ्या पडल्या. शेवटच्या रांगेत शकूनेही वाजवल्या. प्रीतीने वाजवल्या नाहीत, ती आईकडे बघत होती.

नंतर शकू म्हणाली, "छान बोललास. आबा असते तर रडले असते."

२२ सप्टेंबर, सोमवार

सकाळी व्याख्यानाचे कागद आवरत होतो. दोन मीटरचं चित्र वर आलं आणि साहेबांचा आवाज ऐकू आला. रीडिंग बरोबर आहे. बिल खोटं आहे.

साडेचार लाख हे रीडिंग आहे. बरोबर आहे, कुणी एक पैसा खाल्लेला नाही. पण शकूच्या एकवीस हजारांना गुणक कुणी लावला? अडीच महिने मी जगाच्या पेटीवरची धूळ पुसत बसलोय, तो लाल आकडा स्वतःच्या हाताने काढलाय, दोनशे साठ, तीनदा पडताळलाय. आणि बहिणीने रस्त्यात उभं राहून विचारलं, साडेचार लाख म्हणजे किती रे, तेव्हा मी तिला म्हटलं, उत्तम परतावा.

मंजुळाबाईंना मी काय उत्तर दिलं! पैशाचा स्वभाव. पैशाला स्वभाव नसतो. स्वभाव माझा.

आणि शकूला कळत नव्हतं असं आहे का? तिला सगळं कळत होतं. सोन्याचा ठोकळा बुटका आहे, हे ती मला काय उगीच म्हणाली? आणि प्रीतीने तो फोटो कशासाठी पाठवला? पोरगी जुलैपासून सांगतेय, आईचा आकडा टाका. मला लाज वाटते.

२३ सप्टेंबर, मंगळवार

मायाला कसं सांगायचं, यात कालचा दिवस गेला. ती चिडेल, राजरत्नचं लग्न मधे येईल, हे धरून मी उत्तरं तयार केली होती. आज दुपारी सांगून टाकलं. शकूची सही घेणार नाही. खोली दोघांच्या नावावर, अर्धी-अर्धी.

ती उठली. खुर्चीवर चढून कपाटाच्या वरच्या खणातून एक पिशवी काढली आणि माझ्यापुढे साडी ठेवली. जांभळी, रेशमी. दुकानाची चिठ्ठी अजून लावलेली.

"ही कुठली?"

"भुसावळची. माझ्या भावांनी दिलेली. सही घेतली त्या दिवशी." ती म्हणाली. "पंचवीस वर्षं झाली. तुम्हीच तर गेलेलात माझ्यासोबत. तुम्हीच म्हणालात, चांगली साडी आहे."

मला आठवेना. मी घडी उलगडायला गेलो तर रेशीम घडीवरच चिरलं होतं.

"मी कधी नेसले नाही," माया म्हणाली. "त्यांनी मागितलं तर मी नाही म्हणाले नसते हो. पण कुणी विचारलं नाही. कागद पुढे केला, बोट ठेवलं, इथे कर म्हणाले. जेवण चांगलं केलेलं त्या दिवशी."

मला वाटत होतं ती खर्चाने कुरकुरतेय. अडीच महिने या वहीत मी तिच्याविषयी काय काय लिहिलंय ते परत वाचायची हिंमत नाही.

"राजरत्नला मी सांगते," ती म्हणाली. "त्याला अर्धं घर मिळतंय. तेवढं आपल्याला लग्नात मिळालं होतं का?"

२६ सप्टेंबर, शुक्रवार

रजिस्ट्रारच्या कचेरीबाहेर अकराला भेटायचं ठरलं होतं. शकू साडेदहालाच येऊन बाकावर बसलेली. चष्मा काढून ठेवलेला, पर्समध्ये स्वतःचं पेन. माया माझ्याबरोबर आली, हिरवी साडी तिच्याच पिशवीत. सूरज फाइल घेऊन उभा.

"कुठे करू सही?" शकू म्हणाली. "दीडला ड्युटी आहे."

मी तिच्यापुढे दुसरा कागद ठेवला. आबांच्या जागी सोसायटीचे सभासद कोण, त्याचा अर्ज. तिने चष्मा लावला आणि ओठ हलवत सावकाश वाचला. मग बोट ठेवलं.

"दादा, हे चुकलंय. इथे माझं पण नाव आलंय."

"चुकलेलं नाही."

"अर्धं असं लिहिलंय."

"अर्धंच आहे. आबांनी अर्धंच केलं होतं. माझ्याकडून वाचायचं राहिलं."

तिने कागद पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचला. रडली नाही. दवाखान्यात वीस वर्षं काढलेली बाई आहे. शेवटी म्हणाली, "मग पॉलिसीचे अर्धे तुझे. सव्वादोन."

"अगं, राहू दे."

"राहू दे कसं? अर्धं म्हणजे अर्धं. नाहीतर मी नाही करत सही."

मान्य केलं. गणित तिचंच बरोबर होतं.

सूरज डोकं खाजवत होता. "काका, मग बांधकाम होईपर्यंतचं भाडं कोणाच्या खात्यात टाकायचं? महिना पंधरा हजार."

"तिच्या. तिला ऑक्टोबरअखेर खोली सोडायची आहे. आणि माझ्या अर्ध्या भागाचं काय ते मी नव्या घराचा ताबा मिळाल्यावर तीन वर्षांनी बघेन. तोवर तिथे राहायला तीच जाईल."

"तुमच्या दोघांचं पटतं ना नक्की?" त्याने विचारलं. बिचाऱ्याला अशी फाइल पहिल्यांदाच मिळाली असावी.

शकूने सही केली. पूर्ण नाव, हिवाळे सकट, माहेरचं. मग मायाच्या पिशवीकडे बघून म्हणाली, "हक्कसोड नाही, तर साडी परत नेणार का गं, वहिनी?"

मायाने ती काढून तिच्या मांडीवर ठेवली. "घे. ही नुसती साडी आहे. उद्याच नेस."

शकू तिथेच बाकावर पदर उलगडून काठ बघू लागली, आणि दोघी रंगावरून बोलायला लागल्या. मी जरा लांब जाऊन उभा राहिलो. जगात त्या क्षणी कुठे कुठे कोण कोण सह्या करत असेल, किती पैसा जन्मत असेल, हे नेहमीसारखं मनात आलं, आणि पहिल्यांदाच त्याने छाती दडपली नाही.

घरी येऊन रीडिंग बुक उघडलं. प्रीतीने सांगितलं होतं तो आकडा आज टाकला.

मागचं रीडिंग: महेंद्र २१,०००. शकू २१,०००.
चालू रीडिंग: महेंद्र अर्धं. शकू अर्धं.
फरक: शून्य.